ओटीआधीचं भाडं

मास्तरीणबाई, तुमी लिहिताय तर सांगते, न्हाईतर माझं ऐकायला या घरात म्हशीशिवाय कुनी बसत न्हाई, अन् म्हशीला तर मी तरुणपणी इतकं सांगून ठेवलंय की तिच्या नातवंडांना पुरावं, ते पुढं येईलच.

नाव माझं हौसा. जन्म वर डोंगरातला, भुशीच्याही पलीकडच्या एका वाडीतला, जितं भात अन् नाचणी सोडून काय पिकत नव्हतं अन् पावसाचा आवाज असा की श्रावणात शेजारणीला हाक मारायची तर तिच्या दारात जाऊन मारावी लागायची. आई डोईवर गवताचा भारा घेऊन लोणावळ्याला यायची, बंगलेवाल्यांच्या घोड्यांना गवत लागायचं, अन् मी तिच्या मागं मागं दुधाची चरवी घेऊन. तितं एका बंगल्याचा माळी होता, त्यानं मला सांगितलं की हे शेट लोक उन्हाळ्याचं हितं येऊन राहत्यात त्याचे घरमालकाला पैसे देत्यात. मी म्हटलं, कशाचे पैसे, जेवायचे का. तो म्हणाला, न्हाई गं, नुसतं राहायचे. मी घरी जाईस्तोवर हसत होते. आईला म्हटलं, आई, घर तर उभंच असतं, कुनी आत बसलं म्हणून काय ते झिजतं का. आई म्हणाली, चरवीकडं बघ, सांडशील. पण माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलंच, की गवत कापावं लागतं, म्हशीची धार काढावी लागते, भात तर चिखलात कंबर मोडून लावावं लागतं, अन् घर मात्र नुसतं उभं राहून कमवतं. काय सांगू तुमाला, इतकी शहाणी होते मी. घर झिजतं, बाई. माणूस टेकून बसला की भिंत झिजते, पोरं नाचली की जमीन उखडते, आतनं बिऱ्हाड झिजवतं, वरनं पाऊस झिजवतो, अन् मधी मालकीण झिजते ती येगळीच. पण हे कळायला आधी मालकीण व्हावं लागतं.

लग्न झालं ते जवळच्याच गावात. सासू-सासरे नव्हते, घरात कर्ते म्हणजे थोरलं भावजी, यांचे मोठे भाऊ. यांचं नाव मी घेत न्हाई, ते बाहेर ओट्यावर खोकतात तेच आमचे हे, गरीब माणूस, आयुष्यात कुनाला मोठ्यानं बोलले न्हाईत, मला तर न्हाईच, एकदा मुंगीला बाजूला हो म्हणालेलं मी ऐकलंय. भावजी मात्र कडक. जाऊबाई लवकर गेल्या होत्या, एकच लेक, ती मुंबईला दिलेली, अन् सासरचे तिला पंचमीलासुद्धा धाडायचे न्हाईत. भावजी त्याविषयी कधी बोलले न्हाईत, पण पंचमीला वाडीतल्या पोरी झोका बांधायला दोर मागायला आल्या की ते रानात निघून जायचे.

आता आमच्यात थोरल्या दिरापुढं बाईनं जायचं न्हाई, बोलायचं न्हाई. मी तर बोलल्याशिवाय राहणारी न्हाई. मग मी युक्ती काढली. आमची म्हैस होती, चांदी, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदी. भावजी ओट्यावर बसले की मी दाराआड चांदीजवळ जायची अन् तिला सांगायची, चांदे, आज मीठ संपलंय बरं का, कुनी बाजाराला गेलं तर आणतील. भावजींना ऐकू जायचं, मीठ यायचं. ते मला कधी उलट बोलले न्हाईत, म्हशीलाही न्हाई. जे सांगायचं ते यांना सांगायचे, तुझ्या घरात म्हणावं असं असं. असा आमचा संसार, दोन भाऊ, एक म्हैस अन् मी.

मग धरण आलं. विजेसाठी पाणी अडवायचं म्हणून आमची भातखाचरं गेली, घर गेलं, गावचा पार गेला. रडारड लय झाली, ती मी सांगत न्हाई, तुमाला लिहायला कागद पुरायचा न्हाई. मोबदला मिळाला तो दोन्ही भावांचा मिळून. भावजींनी वराळ्याला जमीन बघितली, त्यांच्या वाट्याची घेतली, अन् म्हणाले, धाकल्याच्या वाट्याचीपण तिथंच घेऊ, बांधाला बांध लागेल. त्या दिवशी मी चांदीला लय वेळ सांगत बसले. चांदे, लोणावळ्याला भुशीच्या वाटेवर एक जागा विकाऊ हाय. चांदे, तितं तीन खोल्या बांधल्या तर उन्हाळ्यात मुंबईचे लोक रांग लावतील. चांदे, जमिनीत राबावं लागतं, खोली नुसती उभी राहती. बाहेर भावजी तंबाखू मळत होते. ते यांना म्हणाले, माणसाला सावली द्यायची अन् पैसे घ्यायचे, हे कुठलं वागणं, आपल्या दारात आलेल्याकडनं आपण कधी काय घेतलंय का. ते खरंच होतं. पण हे गरीब माणूस पहिल्यांदाच म्हणाले, बघू तरी एकदा. कर्ते म्हणून कागद भावजींच्या नावावर झाले, अन् आमी तीन खोल्या बांधल्या, कडेला गोठ्याला लागून आमची राहायची जागा. भावजी एकदा बघायला आले, ओट्यावर बसले, अन् मी तांब्या भरून पाठवला तर हातात घेतला न्हाई. भाड्याच्या घरचं पाणी नको म्हणाले, अन् वराळ्याला निघून गेले.

पहिल्या उन्हाळ्याला मी नवं लुगडं नेसून दारात उभी राहिले, जशी काय मी लग्नाची नवरी अन् मुंबईचे शेट वऱ्हाडी. आलं, एक बिऱ्हाड आलं. शेट, शेटाणी, सासू, पोरं, पेट्या अन् एक पिंजऱ्यातला पोपट. आल्या आल्या शेटाणी म्हणाली, खिडक्या लहान. मी म्हटलं, पाऊस आत येतो. ती म्हणाली, आमी पावसात थोडेच राहणार. दुसऱ्या दिवशी माकडांनी कौलं फोडली. तिसऱ्या दिवशी शेट म्हणाला, विहीर लांब हाय. मग संडास झाडायला माणूस आला न्हाई, तो दोष माझा. पोपट आजारी पडला, तोही दोष माझाच. म्युनिशिपालिटीचा माणूस घरपट्टी मागायला आला, अन् मी भांबावून त्यालाच इचारलं, घर माझं, पट्टी कशाची, तुमी काय हितं राहिलात का. तो हसत हसत गेला अन् पुन्हा आला तो नोटीस घेऊन.

पण हे सगळं निभलं असतं. माझा मोठा येडेपणा तो न्हाईच. तो येगळा, अन् तो आमच्याकडची बाईच करू जाणे.

पाऊस जवळ आला, शेटाणीनं पेट्या भरल्या. आता घरातनं बाई चालली, मग ती कुनीका असेना, तिला रिकाम्या पदरानं कशी धाडायची. माझ्या आईनं दारावर आलेल्या गवतवालीलासुद्धा तसं कधी धाडलं न्हाई. मी बाजारात गेले, खण आणला, नारळ आणला, मूठभर तांदूळ घेतलं, शेटाणीला पाटावर बसवली, हळदकुंकू लावलं, अन् ओटी भरली. ती बिचारी रडायलाच लागली. मी पण रडले. तिच्या सासूलाही बसवली, तिची पण भरली. अन् मग उठून उभी राहिले अन् आठवलं, राहिलेलं भाडं मागायचं होतं. आता तुमीच सांगा, ज्या बाईच्या ओटीत आत्ता नारळ घातला तिला म्हणू का, बाई, भाडं द्या? ओटी भरली म्हणजे ती माहेरवाशीण झाली. माहेरवाशिणीला मागायचं काय तोंडानं. टांगा आला, टांगा गेला, पोपट सुद्धा गेला. शेट नंतर मनीऑर्डर करतो म्हणाला होता, त्याची मी अजून वाट बघतीय.

एकदा झालं तर येडेपणा म्हणावं, मी ते दर खेपेला केलं. जो निघेल त्याच्या बाईची ओटी, अन् ओटी झाली की जीभ बंद. हे एकदा हळूच म्हणाले, आधी भाडं मागून बघितलं तर? मी त्यांच्यावरच उसळले, म्हटलं, माणूस घरातनं चाललाय अन् दाराशी हात पसरू, शोभतं का. काय तो माझा तोरा होता बघा. बाजारातला कापडवाला मला लांबनं बघूनच खणाचा गठ्ठा काढायचा, अन् स्टेशनावर बायका एकमेकीला सांगायच्या, भुशीच्या वाटेवरच्या खोल्यांत उतरा, निघताना खण मिळतो.

त्यात एक जैतून होती. तळेगावची मुसलमान, तिचा नवरा हसन रेल्वेत फायरमन. घाटात गाडीला मागनं ढकलायला जादा इंजिन लावत्यात, त्याच्यावर कोळसा घालायचा. घामानं अन् कोळशानं असा काळा होऊन यायचा की दारात उभा राहिला की मी रोज इचारायची, हसन, तूच हायस न्हवं. जैतून नवीन लग्नाची, लाजरी, तिला आई नव्हती, तळेगावला बाप होता अन् त्यानं दुसरी केली होती, ती काय हिला जवळ करायची न्हाई. तिसऱ्या खोलीत राहायची. भाड्याच्या बाबतीत पोरगी लय सरळ, महिना भरला की स्वतः येऊन कोनाड्यात ठेवायची, मागायला लागलं न्हाई. पाऊस यायच्या आधी हसनला खाली कर्जतला धाडलं, ती निघाली, तिला सातवा लागला होता, अन् मी आपली सवयीनं पाट मांडला. कुंकवाला हात गेला अन् थांबला. ती माझ्याकडं बघतीय, मी तिच्याकडं. मग मी हळदीचं बोट तिच्या तळहातावर टेकवलं अन् नारळ पदरात घातला. तिनं पदराला गाठ मारली, अन् ती गाठ घट्ट धरून टांग्यात बसली.

मग पाऊस सुरू झाला अन् तिन्ही खोल्या रिकाम्या. लोणावळ्याचा उन्हाळा कुनालाही हवा, पावसाळा कुनालाच नको. काडी पेटत न्हाई, धुणं वाळत न्हाई, चामड्याच्या चपलेवर हिरवी लव येती. त्या दिवसांत भावजी आले. ओट्यावर बसले, घोंगडी झटकली, अन् यांना म्हणाले, तळेगावचा एक दुकानदार जागा घ्यायला तयार हाय, दे टाकून, वराळ्याला माझ्या बांधाला लागून जमीन अजून मिळतीय. मी दाराआड चांदीजवळ गेले. चांदे, म्हटलं, अजून एक वर्ष तरी बघा म्हणावं. भावजी यांच्याकडं बघूनच बोलले, पण आवाज दाराकडं. म्हणाले, पाव्हणचार करायचा तर खोल्या कशाला बांधल्या, अन् धंदा करायचा तर खण-नारळ कशाला, तुझ्या घरात दोन्हीतलं एक काय ते ठरवायला सांग. मी पंचमीला येतो. तिन्ही चुली पेटलेल्या पायजेत अन् तिन्ही खोल्यांचं भाडं आलेलं पायजे. न्हाईतर तळेगावच्या माणसाला हो म्हणून सांगतो. कागद माझ्या नावावर हाय. मी पाठवलेला पाण्याचा तांब्या तसाच पडून राहिला, अन् भावजी गेले.

तवा मला पहिल्यांदा कळलं की हे घर जाणार. गाव गेलं तवा धरणानं नेलं म्हणता आलं, हे घर गेलं तर कुनाला म्हणू. अन् हे तर यांच्या भावापुढं तोंड उघडणार न्हाईत, ते बिचारे वराळ्याला जातील अन् दुसऱ्याच्या बांधाला आयुष्य काढतील. मग मी कंबर कसली. यांनी नि मी कौलं परतली, फुटकी काढली. पावसाच्या बाजूला माळावरच्या गवताच्या झडी बांधल्या, जशा माहेरी भिंतीला बांधायचो. चुलीवर कुडाचा माळा केला, भात वाळवायला असतो तसा, अन् सांगत सुटले की आमच्या खोलीत कपडे वाळत्यात. त्याच्यावर एक शिंपी आला, त्याचं कापड भिजून चाललं नव्हतं, त्यानं पहिली खोली घेतली. स्टेशनावरचा एक सांधेवाला, गाडीचे रूळ बदलणारा, अन् त्याची म्हातारी आई आली, त्यांनी दुसरी. तिसरीला एक मुकादम बघून गेला, बायको घेऊन येतो म्हणाला, अन् आज येतो उद्या येतो करत राहिला. मी इतक्या वेळा तिसरी खोली सारवली की शिंप्याची बायको म्हणाली, हौसाबाई, आता जमीन वर येऊन छपराला लागेल.

पंचमी उद्यावर आली अन् मुकादमाचा पत्ता न्हाई. मग माझ्या डोक्यात सैतान शिरला. म्हटलं, भावजी रस्त्यावरनं आधी धूरच बघणार, आपणच तिसरी चूल पेटवू, बाकीचं बघू नंतर. आज पेटते का तरी बघावं म्हणून गेले रिकाम्या खोलीत. लाकडं ओली. फुंकणीनं फुंकते तर जाळ न्हाई, नुसता धूर, अन् असा धूर की सांधेवाल्याची म्हातारी बाहेर येऊन ओरडली, आग लागली. मी डोळे चोळत, नाक पुसत, केस विस्कटलेले, फुंकतीच आहे, अन् जाळ धरला तितक्यात दारात कुनीतरी उभं राहिलं. धुरातनं दिसेना. डोईवर पत्र्याची पेटी, अंगावरनं पाणी निथळतंय, अन् पोट असं पुढं आलेलं.

ती जैतून होती. खोलीकडं बघितलं, सारवलेल्या जमिनीकडं, पेटलेल्या चुलीकडं, अन् तिथंच दाराशी बसली अन् म्हणाली, मावशी, मी येणार हे तुमाला कुनी सांगितलं?

मी म्हटलं, ये, आत ये, भिजलीस. मग तिनं सांगितलं की कर्जतला हसन सारखा इंजिनावर, शेजारपाजार नवा, तळेगावची सावत्र आई म्हणाली हितं बाळंतपण जमायचं न्हाई. मग हसनला म्हणाली, माझी ओटी लोणावळ्याला भरलीय, मी तितं जाते. त्यानं गाडीत बसवून दिलं. पदराला अजून ती गाठ होती, बाई. नारळ खाल्ला असेल, तांदूळ शिजवलं असेल, पण गाठ तशीच.

संध्याकाळी मुकादम आला. बायकोला घेऊन, सामान घेऊन, अन् भाडं हातात काढून. मी दारात आडवी उभी राहिले अन् म्हटलं, खोली भरली. तो म्हणाला, कुनी घेतली. मी म्हटलं, आमच्या लेकीनं. तो माझ्या वयाकडं बघायला लागला, मी तवा असेन पंचविशीच्या आतबाहेर. तो गेला अन् हे माझ्यापाशी आले. मला वाटलं आता तरी ओरडतील. हे म्हणाले, सुईणीला सांगून येऊ का. एवढंच. त्या दिवशी मला कळलं की मी कुनाशी लग्न केलंय.

पंचमीच्या दिवशी सकाळी पोरगी झाली. आमच्यात त्या दिवशी चुलीवर तवा ठेवत न्हाईत, मी दिंडं उकडायला घातली होती, ती तशीच सोडून धावले. अन् सुईण पाणी मागतीय तोवर हे आत येऊन म्हणाले, दादा आला.

मी दाराआड चांदीपाशी जाऊन उभी राहिले. फटीतनं दिसत होतं. भावजी पावसात रस्त्यावर उभे, डोईवर घोंगडी, अन् वर बघतायत. शिंप्याचा धूर, सांधेवाल्याचा धूर, अन् तिसऱ्या खोलीतनं बाळंतिणीचं पाणी तापतंय त्याचा धूर. बघितलं, ओट्यावर येऊन बसले, तंबाखू काढली. यांना इचारलं, तिन्ही भरल्या? हे म्हणाले, व्हय. तिन्हींचं भाडं आलं? यांना खोटं बोलता येत न्हाई अन् खरं बोलायची हिंमत न्हाई. दाराकडं बघायला लागले. अन् मला, मास्तरीणबाई, एका शब्दानं सुटता येत होतं. आलं म्हणायचं, झालं. भावजी काय पैसे मोजायला बसणार नव्हते. पण तितक्यात आतनं पोरगी रडली, अन् आत बाळंतीण निजलेली असताना तिच्या नावानं खोटं बोलायला माझं तोंड वळेना.

मी चांदीच्या पाठीवर हात ठेवला अन् म्हटलं, चांदे, सांग त्यांना, दोन खोल्यांचं आलं. तिसरीत माहेरवाशीण हाय, आजच बाळंत झाली. तिच्याकडनं कसलं भाडं.

भावजींनी यांना इचारलं, कुनाची लेक. यांनी सांगितलं, तळेगावची जैतून, हसन फायरमनची बायको, आई न्हाई तिला. ती जाताना हिनं तिची ओटी भरली होती, म्हणून ती हितंच आली पंचमीला.

भावजींच्या हातातली तंबाखू मळून मळून पीठ झाली, तोंडात काय टाकली न्हाई. मी मनात तळेगावच्या दुकानदाराला घर देऊन मोकळी झाले, चांदीला वराळ्याला कशी चालवत न्यायची तेसुद्धा ठरवलं. अन् तवा भावजी वळले. भावाकडं न्हाई, दाराकडं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

चांदे, म्हणाले, तिला सांग, हितनं पुढं भाडं आधी घ्यायचं अन् ओटी मागनं भरायची.

मला काय उमजेना. मग म्हणाले, चांदे, तळेगावच्या माणसाला काय सांगायचं ते मी सांगतो, अशी जागा विकायची नसती. अन् खाली बघत म्हणाले, पाणी आणायला सांग तिला. घसा सुकलाय.

मी इतकी गडबडले की तांब्या भरला अन् आधी चांदीपुढंच धरला, तिनं तोंड घातलं त्यात, मग दुसरा भरावा लागला. भावजी सगळा तांब्या घटाघटा प्याले, तोंड पुसलं, दिंडं खाल्ली, अन् निघताना घोंगडी घेतलीच न्हाई. हे घेऊन मागं धावले तर म्हणाले, खोली ओली असती, बाळंतिणीला अंथरायला दे. डोईवर पोतं घेऊन स्टेशनावर गेले. ती घोंगडी जैतूनकडं अजून हाय, बघा.

आता तुमी म्हणाल, हौसाबाई, मग पुढं सुखच सुख. कुठलं. पण मार्ग सापडला. जैतून चाळीस दिवस राहिली, हसन लेकीला बघायला यायचा, त्यानं चुलीवरचा माळा बघितला अन् त्याचे सोबती घेऊन आला. ही इंजिनवाली माणसं, भिजून घाट चढून यायची, त्यांना कोरडे कपडे अन् पाठ टेकायला जागा हवी असायची. पावसाळ्यात त्यांनीच खोल्या राखल्या, अन् ओटी भरायची पण भानगड नव्हती, सगळे बापे. मग घाटात विजेची इंजिनं आली, कोळसेवाले गेले, पुन्हा खोल्या ओस पडल्या. ज्या धरणानं आमचं गाव नेलं त्याच विजेनं माझी बिऱ्हाडं नेली असं मी म्हणायची, खरंखोटं मला काय ठाऊक, पण म्हणायला बरं वाटायचं. तवा मग ओट्या कामाला आल्या. पूर्वीची एक बाई बहिणीला धाडायची, एक नणंदेला, पत्ता सांगायच्या, भुशीची वाट, दाराशी म्हैस. परवाच्या लढाईत मुंबईवर बाँब पडणार म्हणून लोक असे आले की गोठ्यातसुद्धा जागा मागायला लागले, चांदीच्या नातीला अंगणात बांधायची पाळी आली. तवा कुनी म्हणालं, हौसाबाई, दुप्पट घ्या. मी घेतलं थोडं जास्त, खोटं कशाला सांगू, कौलं मला काय फुकट मिळत न्हाईत. पण कापड रेशनवर, कंट्रोलमध्ये गेलं अन् खण मिळेनासा झाला, तर नुसता नारळ अन् तांदूळ घालून धाडल्या, रिकामी एकसुद्धा गेली न्हाई.

भावजी गेले त्याच्या आधी कागद यांच्या नावावर करून दिले. जैतूनची ती पंचमीची पोरगी, तिचं लग्न तळेगावात झालं, अन् पहिल्या बाळंतपणाला आईकडं गेली न्हाई, मावशीआजीकडं आली, तिसऱ्या खोलीत. भाडं मी मागितलं न्हाई, तिनं दिलं न्हाई. तुमी त्या खोलीत राहायला आला तवा आढ्याला पाळण्याची कडी बघून इचारलं होतं न्हवं, ही कशाला. त्याच्यासाठी.

आता कौलं पुन्हा परतायला झाली. पत्रे टाका म्हणतो माझा लेक, सोपं पडतं म्हणतो. टाकील बापडा, त्याचे दिवस हायत. मला एवढंच वाटतं की पत्र्यातनं चुलीचा धूर वर दिसत न्हाई. पण दिसला न्हाई म्हणून चूल पेटली न्हाई असं थोडंच हाय. माझं काय वाईट झालं न्हाई, बाई. जमिनीत राबले असते तरी एवढंच राबले असते, अन् एवढ्या लेकी कुठनं मिळाल्या असत्या.

बास झालं लिहिणं, तुमचं सामान बांधायचंय. मास्तरांची बदली झाली, चांगलं झालं, तुमाला पाऊस सोसत नव्हता, रात्रंदिवस शिंकत होता. तो पाट घ्या हिकडं. न्हाई, थांबा, बसू नका अजून. आधी या महिन्याचं तेवढं कोनाड्यात ठेवा. हसू नका, मला नंतर मागता यायचं न्हाई, तुमाला सांगितलंय सगळं.

ठेवलं? बरं. आता ये पोरी, बस, अन् पदर पसर.